वरूडहून पाठवलेला अभिप्राय

लेका, माह्यासमोर त्या ब्राउझरच्या टेस्टिंगचं नाव काढू नको. नवं व्हर्जन सगळ्यांच्या आधी वापराले भेटते म्हणून मी हौसेनं टाकलं. बहिणीचं हॉलतिकीट काढाले बसलो, तर प्रिंट दाबलं की सारं बंद. ती दारातून ओरडून राहिली, "दादा, अकोल्याची बस सुटते." अन् इकडं ब्राउझर पुन्हा उघडला, तर मले विचारते, "आमचं नवं रूप कसं वाटलं?"

माहं डोकंच सरकलं. तिले प्रिंटसाठी शेजाऱ्याकडं पिटाळलं अन् लिहिलं, "मी वरूडचा आहो. आमी गिऱ्हाइकाले कच्चा संत्रा चारून, गोड लागला काय म्हणून विचारत नाई."

उत्तर आलं, "आभारी आहोत. यापुढे तुम्हाला याच्याही आधीच्या टप्प्यातली आवृत्ती पाठवू."

म्हणजे आता मले संत्र्याचं फूल चारतीन.