एकेकाचं नाव वाचा

मंडळी, आजच्या कीर्तनात पहिला प्रश्न मी तुम्हालाच टाकतो. देवाचं नाव घेणाऱ्या माणसाला भीती वाटावी का? वाटावी? की वाटू नये?

पुढं बसलेले आजोबा मान हलवतायत — नको म्हणून! आजोबा, मघाशी या माइकनं शिट्टी मारली, तेव्हा सगळ्यात आधी कोण दचकलं? हसू नका हो, मीही दचकलो! भीती वाटली म्हणजे भक्ती कच्ची, असं मला लहानपणी एका बुवांनी सांगितलं होतं. कितीतरी वर्षं मी मनातल्या मनात लाजत राहिलो. मग ही हकीकत कानावर आली. ऐका.

एक देश होता. कुठला, कुठल्या साली — ते विचारू नका. गोष्ट आहे ही. नावं मी आपल्याकडची घातलीत, कानाला सोपी जावीत म्हणून. देश लहान, पण संसद होती. निवडणुका घ्यायला आयोग होता. आणि कुठलं गाव कुठल्या मतदारसंघात, ती हद्दही तोच आयोग आखायचा. आयोगावर माणसं नेमायची तिघांनी मिळून — पंतप्रधान, विरोधी पक्षाचा नेता आणि एक न्यायाधीश. म्हणजे एकानं ओढलं तर दुसरा दोरी धरणार!

त्या देशात, डोंगराच्या कुशीत, सात गावं होती. धरणात बुडालेली आणि वर माळावर आणून बसवलेली. धरणाचं पाणी डोळ्यांसमोर चमकतंय, आणि बायका हंडे घेऊन दोन कोस पायपीट करतायत! किती वर्षं? एकतीस! मग सातही गावं एका देवळात बसली आणि ठरवलं — मतं फुटू द्यायची नाहीत. आपलं माणूस पाठवायचं. पाठवलं! कोण? मथुराबाई दिवटे. अंगणवाडी चालवणारी बाई. सरकारच्याच पक्षाचं तिकीट घेऊन निवडून आली. दोन वर्षांत पाच गावांना नळ आले. दोन राहिली.

आणि विधेयक आलं!

काय होतं त्यात? पहिलं — यापुढं आयोगावर माणसं नेमणार फक्त सरकार. दुसरं — नवा नकाशा. मथुराबाईंनी चष्मा लावला, बोट ठेवत ठेवत आपली गावं शोधली. तीन गावं शहराला जोडलेली. दोन घाटाखाली. दोन पार पलीकडच्या खोऱ्यात! एका घरातली सात भावंडं तीन घरांत वाटून टाकावीत तशी. आता कोण विचारणार त्यांना? प्रत्येक ठिकाणी मूठभर मतं!

आणि गंमत ऐका — मथुराबाईंना स्वतःला शहरातला पक्का मतदारसंघ मिळणार होता. आयुष्यभर पडायची भीती नाही!

मतदानाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, पक्षाचे प्रतोद अच्युतराव मदने त्यांच्या क्वार्टरवर आले. प्रतोद म्हणजे — कुणी कसं मत द्यायचं ते सांगणारा माणूस. हातात पेढ्यांचा पुडा. आवाज लोण्यासारखा!

"ताई, उद्या मत देणार ना आपल्याबरोबर?"

"अच्युतराव, माझी गावं फुटतायत."

"गावं कुठं फुटतात ताई? कागदावरची रेघ ती!" अच्युतराव हसले. पेढा पुढं केला. "पक्षादेश मोडलात तर खासदारकी जाईल, ते तर तुम्हाला माहीतच आहे. बरं, निवृत्तीभाऊ कसे आहेत? गिरणीवरून रोज घाटानं घरी जातात ना? एकटेच? मोटरसायकलवर?"

निवृत्तीभाऊ म्हणजे मथुराबाईंचे यजमान, गावाकडं पिठाची गिरणी चालवणारे.

"घाट फार वाईट आहे हो. जपायला सांगा त्यांना."

एवढंच! शिवी नाही, दमदाटी नाही. पेढे ठेवले, नमस्कार केला, गेले.

मंडळी, अंगावर धावून येणाऱ्याची भीती वेगळी. आणि तुमच्या घरच्या माणसाची गोड आवाजात चौकशी करणाऱ्याची भीती वेगळी! मथुराबाईंनी लगेच निवृत्तीभाऊंना फोन लावला. वाजतोय, वाजतोय — उचलत नाहीत. पुन्हा लावला. नाही! तिसऱ्यांदा लावला, तेव्हा मागं गिरणीची घरघर आणि नवऱ्याचा आवाज आला — "काय गं?"

आणि बाई काय म्हणाल्या? "काही नाही. जेवलात का?"

आपली माणसं अशीच ना? जीव जायची वेळ आली तरी आधी जेवणाचं विचारणार! मग हळूहळू सगळं सांगितलं. पलीकडं निवृत्तीभाऊंनी गिरणी बंद केली.

"मथुरा, खोटं कशाला बोलू? मी घाबरलोय."

"मग काय करू मी?"

"ते मी सांगू शकत नाही. तुला मत मी एकट्यानं दिलेलं नाही." मग म्हणाले, "मी असं करतो, मोटरसायकल इथंच ठेवतो. उद्यापासून गिरणी बंद. सकाळच्या बसनं तुझ्याकडंच येतो. बसमध्ये माणसं असतात."

पाहिलंत? तो काही शूर गडी नव्हता! घाबरला, म्हणून बस धरली. पण बायकोला 'गप्प बस' म्हणाला नाही.

दुसरा दिवस. संसद भरली. विरोधी पक्षाचे एक म्हातारे खासदार दोन तास बोलले — "रेघ ओढणारा हात सरकारचा, आणि निवडून येणारंही सरकार! मग मतपेटी कशाला ठेवता? फुलदाणी ठेवा!" कोण ऐकतंय? कुणी जांभई देतोय, कुणी मोबाईल बघतोय. मंत्री उठले, म्हणाले, "ही केवळ तांत्रिक दुरुस्ती आहे." खाली बसले.

अध्यक्ष म्हणाले, "अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं."

"होय!" छप्पर हाललं!

"प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावं."

"नाही!" — तेही बरेच होते, पण कमी वाटले. आवाजाला कुठं तोंड असतं मंडळी? गर्दीत कोण ओरडलं, कोण नुसते ओठ हलवत होतं, कुणाला कळतं?

"माझ्या मते 'होय'चं बहुमत —"

मथुराबाई उभ्या राहिल्या. सरकारच्या बाकांवरून! तोंड उघडलं — आणि आवाजच फुटेना! मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, पाणी प्या!" सगळे हसले. अच्युतराव वळून बघतायत. हसत नाहीत. नुसते बघतायत. बाईंनी समोरचं बाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"अध्यक्ष महाराज... मतविभागणी."

"काय म्हणता? मोठ्यानं बोला!"

"नावं वाचा! एकेकाचं नाव वाचा. ज्याचं त्यानं आपल्या तोंडानं सांगू दे!"

हसणं थांबलं. नियमच होता तसा, एका सदस्यानं मागितलं तरी द्यावं लागे. आणि आता बघा काय झालं — मघापर्यंत एकटी बाई घाबरली होती, आता सगळी सभा घाबरली! नाव लिहिलं जाणार! उद्या गावात छापून येणार! नावं सुरू झाली. 'होय.' 'होय.' 'नाही.' सरकारच्या बाकांवरचे नऊजण हळूच उठून चहाला गेले. मथुराबाईंचं नाव आलं.

"नाही."

मोजणी झाली. विधेयक तीन मतांनी पडलं!

टाळ्या वाजवू नका. थांबा. बाई बाहेर आल्या, फोन लावला. निवृत्तीभाऊंचा फोन आधी व्यस्त, मग बंद! एक तास. दोन तास. जिन्याच्या पायरीवर बसून बाई नुसतं नाव घेतायत — देवाचं की नवऱ्याचं, त्यांनाही कळेना. साडेचारला समोरून ते चालत आले. पिशवी हातात, चेहरा राखेसारखा. बसमध्ये असतानाच निरोप आला होता — दिवसाढवळ्या गिरणी पेटवली. फोनची बॅटरी त्या बोलण्यातच संपली. दोघं पायरीवर बसले. कुणी कुणाला शाबास म्हटलं नाही.

सतरा दिवसांत खासदारकी गेली. गिरणी कुणी पेटवली, ते आजतागायत सापडलं नाही. पुढच्या अधिवेशनात विधेयक परत आलं. नकाशा गाळला होता, म्हणून सात गावं एकत्र राहिली. पण आयोग सरकारच्या हातात गेला, तो गेलाच! मथुराबाई परत अंगणवाडीत. दारावर जरा टकटक झाली की अजून दचकतात. मला ही हकीकत सांगणाऱ्या माणसानं हे शेवटचं सांगितलं, आणि माझी लाज गेली. आधी घाबरलेली, उभी राहताना घाबरलेली, आजही घाबरलेली! देव भीतीचा जाब विचारत नसावा. त्या भीतीपायी तू कुणाचा हात सोडलास, एवढंच विचारत असावा.

आता तुमच्याकडं येतो.

आपल्या मतदारसंघाच्या नव्या हद्दीचा कच्चा नकाशा गेले नऊ दिवस तहसील कचेरीच्या भिंतीवर लागलाय. हरकत द्यायची मुदत सोमवारी संपते. मी काल जाऊन बघून आलो. खालची आळी एकीकडं गेलीय, वरची दुसरीकडं. हरकतींच्या वहीत माझं नाव पहिलं आहे.

कुणी कुणी बघितलाय तो नकाशा? हात वर करा.

...

मृदंग थांबवा जरा. मला मोजू द्या.