टीव्हीतला माणूस नको

आनि वर मलाच विचारतात, "बाई, तुमची तक्रार काय?" काय तक्रार! बायांनो, तुमीच ऐका आनि सांगा, माझं मागनं काय जगायेगळं हाय का? माणूस समोर पायजे, बस्स!

आमचे हे जेलात हायत, ठाऊक हाय ना सगळ्यांना? बांधावरनं भावकीत मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, काठ्या सगळ्यांच्याच हातात व्हत्या, पन पोलिसांना सापडले हेच... पळायचं सुचलं नाय ना, मुळात सरळ माणूस! केस उभी राहत नाय, जामिनाला कोन उभं राहत नाय, आनि मी दर तारखेला किन्हवलीवरनं एस्टी धरून कोर्टाच्या ओट्यावर उभी! जेलाची गाडी येते, हे उतरतात, आनि शिपायानं यांचं नाव घेऊन "हाजीर होऽऽ" असं पुकारायच्या आदी मी धावत जाते. बारकू हवालदार, देव भलं करो त्याचं, मिशीआडून म्हनतो, "लवकर गो, मी झाडाकडं बगतोय." मग मी यांच्या हातात तांदळाची भाकरी नि सुकट ठेवते. तेवडाच आमचा संसार! हातकडीतल्या हातांनी भाकरी मोडतात तवा दोन बोटं माझ्या हाताला लागतात... हसू नका गो, खरं सांगते, तेवड्यावर मी पुढच्या तारखेपर्यंत जगते.

तर त्या दिवशी गाडीच नाय! आत डोकावते तर साहेबांची जत्रा, आनि टेबलावर टीव्ही. म्हनं आता कैद्याला आनायचंच नाय, तो जेलातनंच टीव्हीत हजर होनार! आनि खर्चाचं चाललंय. पोलीस साहेब म्हनतात, "डिझेल वाचेल, शिपायांचा भत्ता वाचेल." बांधकामाचे साहेब म्हनतात, "वाचेल हो, पण टीव्हीला एसी लागेल, एसीला जनरेटर, जनरेटरला शेड..." तहसीलदार विचारतात, "आणि शेडला?" "शेडला मंजुरी!" अरे बाबांनो, मला माणूस समोर पायजे, आनि तुमी शेड कसली बांधताय?

तेवड्यात टीव्ही लागला, आनि त्यात हे! गालफडं बसलेली, दाढी वाढलेली... पन बगतायत कुठं? सारखे तहसीलदारांकडं! कॅमेऱ्याचं तोंड म्हनं त्यांच्याच खुर्चीकडं. शिपाई म्हनला, "मावशी, नाव घेऊन हाक मार, ऐकू जाईल." नवऱ्याचं नाव? चारचौघांत? मी वरडले, "अवोऽऽ, ऐकलं का!" तर तिन्ही साहेबांनी वळून बघितलं, यांनी नाय! मग काय, गेले तरातरा आनि तहसीलदारांच्या खांद्यामागं जाऊन उभी राहिले. तवा दिसले मी! हे हसले गो... म्हनले, "भात झोडलं काय? तू लय सुकलीस..." आनि लाईट गेली! भारनियमन!

तहसीलदार अंधारातनं विचारतात, "काय बाई, सोय चांगली आहे ना?" माझं डोकंच फिरलं. म्हनलं, "कसली सोय? भाकरी काय काचेला चिकटवू? नको तुमचा टीव्ही! माणूस समोर पायजे!" तर तुमाला सांगते, कोन रागावलं नाय! उलट बांधकामाच्या साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा पाजला. मला वाटलं, जिंकले.

पुढच्या तारखेला मी बोंबील भाजून घेऊन हजर. टीव्ही नाय, बरं झालं... पन गाडी पन नाय! बारकू हवालदार म्हनतो, "टीव्ही येनार म्हनून डिझेल आदीच कापलं. आता नुसती पुढची तारीख पडते." त्याच्या पुढच्या तारखेला तेच. त्याच्या पुढं पन तेच! नव्या पेरनीचे दिस आले, आनि ते मला "लय सुकलीस" म्हनलेले, त्याचं उत्तर अजून माझ्या तोंडातच हाय गो... सांगायचं हाय, मी नाय सुकले, तुमीच सुकलात.

शेवटी गेले तहसीलदारांकडं, हात जोडले. म्हनलं, "साहेब, समोर नाय तर नाय. लावा तो टीव्ही. काचेत तर काचेत, पन दाखवा." साहेब कसे मऊ बोलले, "आता कसं शक्य आहे बाई? आम्ही वर कळवून टाकलं, टीव्हीला जनतेचा तीव्र विरोध आहे."

म्हनलं, "कोन ही मेली जनता?"

"तुम्हीच की!"

घ्या! नवरा मिळंना, पन जनता झाले.