फट

समिधा : ...पण काका, मला तर वाटायचं स्लॅपस्टिक म्हणजे आपला धांगडधिंगा. पडापडी, धपाधपी.

अच्युत : तो नंतरचा अर्थ, पोरी. आधी ही काठीच. दोन पट्ट्या, मधात फट. पाठीवर बसली की पट्ट्या एकमेकींवर आपटतात. आवाज तोफेचा, मार पिसाचा. फट आहे म्हणून फट्ट वाजते.

केतन : हिंदीतलं धौल-धप्पा जास्त सच्चं आहे, काका. धौल टाळक्यात, धप्पा पाठीत. कुठं मारायचं ते शब्दातच लिहून ठेवलं.

समिधा : केतनभैया, नाटकात तुम्ही हवालदार आहात की प्रोफेसर? मिशी लावा. मी साऊंड बघून येते.

केतन : जा, जा. काय काका, आणि मस्करी?

अच्युत : मस्करीचं काय?

केतन : तिची कुस्करी होते म्हणतात. मला आज दुपारी कळलं. ऑफिसात साहेबांनी बोलावलं होतं. माझं प्रमोशन अडवलं. केतन ड्यूटीवर पितो, असं तुम्ही सांगितलं म्हणे.

अच्युत : अरे, चहा पिताना हसत-हसत बोललो होतो मी!

केतन : साहेब नाही हसले.

अच्युत : उद्या मी स्वतः जाऊन सांगतो त्यांना. ...काठी दे इकडं, पाहू.

(अच्युत काठी तळहातावर मारून पाहतो. ठप्प.)

अच्युत : ही वाजली काहून नाही? केतन, हे स्क्रू कोणी मारले? फट राहिलीच नाही.

केतन : पट्ट्या ढिल्या झाल्या होत्या. कसून टाकल्या.

समिधा : चलो, चलो, तिसरी घंटा झाली! काका, धोतर सावरा.

अच्युत : समिधा, या काठीनं मी नाही जाणार स्टेजवर. ही लागते. वाजतही नाही.

समिधा : मागच्या गणपतीतही ऐन वेळी असंच घाबरवलं होतं तुम्ही! आवाजाचं टेन्शन नको, फट्ट मी लॅपटॉपवरून देते. तुमचा वेदांग पहिल्याच रांगेत बसला आहे, आजोबा कधी मार खातात म्हणून विचारून राहिला.

अच्युत : मी मस्करी नाही करून राहिलो, पोरी.

समिधा : बस, हाच चेहरा ठेवा. एकदम मस्त! पडदा वर घेते मी.

अच्युत : केतन, ऐक बाबा. मी ‘मेलो, मेलो’ म्हटलं की हात थांबव. थांबवशील ना?

केतन : तो तर तुमचा डायलॉगच आहे, काका. तिथंच टाळ्या पडतात.