सासऱ्यांचा एप्रन उकळला त्याची गोष्ट

...आणि वर मलाच म्हणतात, "विचारायचं तरी होतंस!" अहो, पण विचारायचं कुणाला? तुम्हाला सांगते, घरात दोन-दोन फ्रीमेसन, म्हणजे त्या गुप्त बंधुमंडळाचे सभासद, सासरे आणि नवरा, दोघांची लॉज, म्हणजे शाखा, वेगळी, पण काही विचारलं की एका सुरात, "ते बाहेर सांगायचं नसतं!" मग मला कसं कळणार?

गेल्या महिन्यात लेकीचा लंगोट बदलायला घेतला, मेणकापड दोरीवर ओलं, आणि पलंगावर हे पांढरंशुभ्र, मऊ कोकराचं कातडं, नाड्यांसकट! वाटलं, नणंदेनं पाठवलं असेल बाळासाठी... घातलं खाली. लेकीनं क्षणाचाही विलंब लावला नाही! मग मी, एवढी शिकलेली बाई, डॉक्टर म्हणालेत ना, बाळाचं सगळं उकळून घ्या... घेतलं! बाहेर आलं ते ताटलीएवढं, पत्र्यासारखं कडक.

तेवढ्यात सासरे दारात. "सूनबाई, माझा लॉजात बांधायचा कातडी एप्रन कुठंय? आज चिरंजीवांच्या लॉजात पाहुणा म्हणून जायचंय."

मी चिमट्यानं वर धरला.

"बत्तीस वर्षं..." ते खुर्चीत बसलेच. "पहिल्या दिवशी बांधला होता. शेवटी हाच बांधून सरणावर जायचं होतं मला."

मला रडूच फुटलं. नवरा म्हणतो, "त्यात काय, बाबा! आमच्याकडे दाराशी पेटी असते. कापडी एप्रन, कुठलाही उचला, कोटाखाली बांधा."

"पेटीतला? दुसऱ्याचा? आणि कोटाखाली? चोरून आणलाय का? आमच्यात कोटावरून बांधतात!"

हे सगळं माझ्यासमोर हं! मग ह्यात न सांगायचं ते कुठलं? मला कसं कळणार?

गेले बिचारे, पेटीतला बांधून आले. दोन दिवस चहासुद्धा स्वतःच करून घेतला. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आजोबा त्या कातड्याला तेल चोळतायत! मऊ केलं, नातीच्या गळ्यात बांधलं... अगदी मापाचं लाळेरं!

"स्वेटरखाली, बाबा," नवरा.

"स्वेटरवरून!" सासरे. आणि माझ्याकडे बघून चक्क हसले हो!

माझा जीव भांड्यात पडला. मी लेकीला भरवायला वाटी-चमचा घेऊन बसले, पहिला चमचा उचलला, तर दोघंही ओरडले, "अगं, डाग पडेल!"

तेव्हापासून आमच्याकडे लेक जेवायला बसली की लाळेरं सोडायचं, आणि तोंड पुसून झालं की बांधायचं. असं का, म्हणून विचारलं...

"ते बाहेर सांगायचं नसतं!"