गच्चीवरचा शर्ट

मी रोहण्याची. आर्वी तालुक्यातलं रोहणा, तुमी नाव आयकलं असन, नसन बी. माय मजूर, बाप मजूर, तीन भाऊ आन मी एकटी पोरगी. आमी बौद्ध. मले बापानं शिकवलं, काऊन शिकवलं त गावात सुई टोचाले एक नर्सबाई येत होती, पांढरी साडी आन हातात पेटी, तिले मोठ्या घरचे लोक बी खुर्ची देत होते, थे त्याच्या डोळ्यात बसलं होतं. झाली मी नर्स. लगन बी झालं, कारंजाले दिलं मले, नवऱ्याचं हायवेवर पंक्चरचं दुकान होतं, आन दोन वर्सात त्यानं दुसरी बाई घरात आनली. मी भांडली नाई. मी पेटी उचलली आन निंगाली. लोक म्हनते भांडाचं होतं, पन काय सांगू तुमाले, माहा सोभावच तसा, मले राग आला का माहं बोलनं बंद होते, दुःख झालं तरी बंद होते. त्या सोभावानं माहं लय नुकसान केलं ताई, थे पुढं सांगतो.

तवापासून मी भाड्याच्या खोलीत. आष्टीले नोकरी लागली, मंग आर्वी, मंग इथं वर्धेले, आन जिथं बदली तिथं पयले खोली शोधा. घरमालक बाहेरच उभं ठेवून इचारे, आडनाव काय. आडनाव मी कधी लपवलं नाई, बापानं तेवढं बजावलं होतं, का आडनाव खरं सांगाचं, तोंडावर दार लावलं त लावू दे. लय दारं लागली. काही लोक गोड बोलत, म्हनत खोली पावन्यायसाठी ठेवली हाये बाई, आन म्हैन्यानं पाहा त तिथं कोनी दुसरंच राहून राह्यलं. जे आडनावाले अडत नव्हते थे दुसरं इचारत, घरी कोन कोन? एकटीच, म्हटलं का तोंडं बदलत. एकट्या बाईले खोली द्याची म्हंजे त्यायच्या घरात जसं काही भूत शिरत होतं.

तवा आष्टीच्या बाजारात मी एक शर्ट घेतला. निळा, चौकडीचा, लांब बाह्यायचा. दुकानदार म्हने साहेबायचं माप काय? आता माप कुठून आनू? मी त्याच्याकडंच पायलं आन म्हटलं, तुमच्याएवढेच हायेत. थो बिचारा खूश झाला. मंग मी नवी खोली पायली आन सांगतलं, साहेब नोकरीवर बाहेरगावी असतात, सुट्टीले येतात. भेटली खोली. दर इतवारी थो शर्ट धुवाचा, दांडीवर वाळत घालाचा, सगळ्यायले दिसन असा. लबाडी होती, नाई म्हनत नाई मी. पन आडनावाची लबाडी केली नाई, नवऱ्याची केली. नवरा त तसाबी खोटाच निंगाला होता.

पयला शर्ट विटला मंग दुसरा आनला, पन तसाच निळा, चौकडीचा. मले सवय पडली होती ना त्याची. कधी कधी इस्त्री करता करता मी त्याच्याशी बोलत बी होती, आज लय पेशंट होते म्हनून. हासू नका. हासा, हासाले काय होते.

वर्धेले आली तवा घरमालकीन काकूच्या घरी, याच घरी, खाल्च्या दोन खोल्या भेटल्या. काकू आन काका वर राहत, पोरगा पुन्याले. काकायनं आडनाव आयकून म्हटलं, बरं. साहेब बाहेरगावी म्हटलं तवा बी म्हटलं, बरं. भला मानूस. तिसऱ्या वर्सी काका गेले. मंग वर काकू एकटी आन खाली मी एकटी. त्या मले सिस्टर म्हनत. वर जी मालिका लागे थेच मी खाली लावत होती, आवाज वरून बी येत होता आन माह्या टीव्हीतून बी.

एका दिवशी मी ड्युटीवर होती आन धुळीचं वादळ सुटलं, त काकूनं माहे कपडे दांडीवरून काढून घड्या करून ठेवले. मी आली त त्यायनं शर्ट हातात देला आन म्हने, सिस्टर, तुमच्या साहेबायची कॉलर कधी मळत नाई. इतके वर्स कोनाच्या ध्यानात आलं नव्हतं का न घातलेल्या शर्टाची कॉलर मळत नाई, झिजत नाई, धुवून धुवून नुसता रंग उडते. मले वाटलं आता म्हनन, खोली खाली करा. त्या काही हासल्या नाई, रागावल्या नाई. म्हने, मांगच्या दांडीवर नका घालू आता, गच्चीवर घालत जा, रस्त्यावरून दिसते. एवढंच म्हटलं आन वर चालल्या गेल्या.

तवापासून शर्ट गच्चीवर. मी पल्स पोलिओच्या इतवारी बाहेर असली त काकू सोता शर्ट धुऊन टाके. एकदा बटन तुटलं, मी लावाच्या आंधी त्यायनं लावून ठेवलं, पांढरा दोरा नव्हता त काळ्या दोऱ्यानं. पन त्या काही बोलल्या नाई आन मी बी काही बोलली नाई. मी रिटायर झाली, तरी नाई. मले लाज वाटे, मंग वाटे आता इतक्या वर्सानं काय बोलाचं.

मांगच्या हिवाळ्यात काकूले धाप लागली. पोरगा येऊन पुन्याले घेऊन गेला. गेटापाशी काकूनं माहा हात धरला आन म्हटलं, सिस्टर, शर्ट टाकत जाजा. थेच शेवटचं. पुन्यालेच वारल्या.

मंग पोरगा आला. आता भाड्याचं सगळं ऑनलाइन झालं हाये ना, अकरा म्हैन्याचा करारनामा, अंगठा मशीनवर, पोलिसात कागद. पयले काका तोंडी सांगत आन तोंडीच राहत होतं. थो लॅपटॉप उघडून म्हने, मावशी, साहेबांचा पण आधार नंबर द्या, राहणाऱ्या सगळ्यांचा लागतो. मी म्हटलं, साहेब नाईत. त्याले वाटलं वारले. म्हने, अरे, कधी? मी म्हटलं, नव्हतेच. त्यानं लॅपटॉप मिटला. म्हने, पण आई तर रोज फोनवर सांगायची, तू माझी काळजी करू नकोस, खाली सिस्टरचे साहेब आहेत, भले माणूस आहेत, सकाळी गेटसुद्धा तेच उघडतात.

गेट मी उघडत होती ताई.

माह्या डोळ्यातून पानी आलं थे थांबलंच नाई. एका शर्टावर दोन बाया राह्यल्या, वर एक आन खाली एक, आन दोघी बी एकट्या. एकदा म्या तोंड उघडलं असतं, का काकू, माह्याजवळ कोनी नाई, तुमच्याजवळ बी कोनी नाई, चाला एकाच ठिकानी सैपाक करू. एवढंच म्हनाचं होतं. नाई म्हटलं.

पोरगा वाईट नाई. त्यानं पानी देलं मले. मंग खाली मान घालून म्हने, मावशी, करार करता येणार नाही आता, मुलांसाठी पीजी करायचं ठरलंय, एका खोलीत तीन कॉट. कॉलेजच्या पोरायचं भाडं कॉटवर भेटते, फॅमिलीवाला तेवढं देत नाई. थो बी पुन्याले भाड्यानंच राह्यते, त्याचा मालक दर अकरा म्हैन्यानं भाडं वाढवते, मंग हे घर त्याले तिथलं भाडं देईन. मी त्याले काय म्हनू? एक म्हैना देला त्यानं मले. भाऊ म्हनते रोहण्याले ये, भावजय काही म्हनत नाई, आन तिचं न म्हननं मले समजते, मी सोता तशीच हावो.

आता खोली शोधून राह्यली. आता खोली भाड्यानं म्हनून दारावर पाटी नसते, मोबाइलवर असते, खाली लिव्हलं राह्यते, फक्त फॅमिली. नाईतर फक्त विद्यार्थी. ब्रोकर म्हनते मावशी, वय सांगू नका. मांगच्या हप्त्यात रेल्वे लाइनच्या तिकडं एक खोली पायली, चांगली हाये, खिडकीतून लिंबाचं झाड दिसते. मालकिननं आडनाव इचारलं, सांगतलं. घरी कोन कोन? माह्या थैलीत शर्ट होता. मी म्हटलं, एकटीच. शर्ट घेतल्यापासून पयल्यांदा म्हटलं. त्या म्हने, फोन करतो तुमाले. आज आठ दिवस झाले. करतीन. नाई त नाई.

घ्या ना, चहा थंडा होऊन राह्यला. तुमी बी नागपुरात भाड्यानंच राह्यता म्हंता, तुमच्या नावाची पाटी लागो बाई एखाद्या दारावर, आन शेजार बोलका भेटो. जातानी गेट वढून घेजा. आन आज इतवार हाये, वळनावर गेल्या का एकदा मांगं वर पायजा, दिसते का थो शर्ट रस्त्यावरून. मी तिथून कधी पायलाच नाई.