लॉगिनचं पान आणि हेमकांत सरांचा निरोप

आदरणीय अध्यक्षा प्रमिलाबाई, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे आपले अभ्यासिका-प्रमुख हेमकांत सर, आणि लोणखेड्याच्या या अभ्यासिकेतील मित्रमैत्रिणींनो,

सरांच्या गौरवाआधी माझी एक चूक दुरुस्त करते. अभ्यासिकेच्या समितीला दिलेल्या एप्रिलच्या तक्रारीत मी लिहिलं होतं, इथल्या वायफायचं लॉगिनचं पान माझ्या लॅपटॉपवर तीन दिवस उघडलं नाही. ते खरं नाही. १० मार्चला दोष माझाच होता. बॅटरी पूर्ण उतरल्याने लॅपटॉपची तारीख मागे गेली होती. ती सुधारली, पान उघडलं. शाळेआधी मला घरीच अक्षरं शिकवणारी माझी आई, दिवलीबाई, सांगते की आधी आपली चूक बोलायची.

उरले दोन दिवस. ११ आणि १२ मार्च. बारा ही वनरक्षक भरतीच्या अर्जाची शेवटची तारीख. मी नेटवर्क काढून पुन्हा जोडलं, ब्राउझर बदलला, तारीख चारदा तपासली. शेजारी रविनाच्या लॅपटॉपवर पान लगेच येत होतं. सर किती मायेने म्हणाले, "तुन्हा लॅपटॉपच बिघडेल शे, पोरी. सकाळी ये, मी करी देसू." मोठ्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवू नये का? मी सकाळी आले. "संध्याकाळी देखू," म्हणाले. संध्याकाळी अर्ज बंद झाला.

गोवालभाऊ, मागे हसू नका, गौरवच चालू आहे.

गेल्या शुक्रवारी, याच समारंभासाठी, सरांनी विश्वासाने मला राउटरचा पासवर्ड दिला. "पाहुणासना मोबाईल जोडी दे." मी राउटरमधली लॅपटॉप-मोबाईलची यादी उघडली. बंदी घातलेला एकच लॅपटॉप होता. माझा. त्यापुढे सरांनी टाकलेली नोंद: 'दिवलीनी पोर, १० मार्च'. त्या १० मार्चच्याच दुपारी मी सूचनावहीत विचारलं होतं, डोंगरातून आलेल्या मुलींनाच संडासाच्या भिंतीलगत का बसवता?

सर, पाणी घ्या ना. थोडंच राहिलंय.

मी बंदी काढून पाहिली. पान क्षणात उघडलं. मग समितीला पाहता यावी म्हणून बंदी होती तशीच पुन्हा लावून ठेवली, पासवर्डही बदलला. तो फक्त अध्यक्षाबाईंना दिला आहे.

सरांना आणखी दोन वर्षं सल्लागार म्हणून ठेवण्याचा विचार आहे, असं ऐकते. ते समितीने ठरवायचं. मला बोलू दिलंत, आपली ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. तारखा मात्र तपासलेल्या आहेत.

समितीची बैठक सोमवारी, ६ जुलैला, सकाळी अकरा वाजता आहे. मी लॅपटॉप घेऊन येते.