माईंचं स्वयंपाकघर बंद होणार म्हणे!

...आणि नेमकी तेव्हाच कचरागाडी आली हो! एरवी साडेआठशिवाय तोंड दाखवत नाही ती, त्या दिवशी पावणेआठलाच हजर, आणि भोंग्यावर ते स्वच्छतेचं गाणं इतकं जोरात की माणसाला स्वतःच्या मनातलं ऐकू येऊ नये! आता तुम्हीच सांगा, ती गाडी पाच मिनिटं उशिरा आली असती, तर गेल्या महिन्याभरात मी जे काय काय खाल्लं ते खाल्लं असतं का? नसतं ना?

थांबा, पहिल्यापासून सांगते. मी तुळशीला पाणी घालत होते. आता आमची तुळस माईंच्या भिंतीला अगदी चिकटून आहे, यात माझा काय दोष? आणि पलीकडे माई फोनवर बोलत होत्या. माई म्हणजे आमच्या शेजारच्या, शरच्चंद्रकाकांच्या मिसेस, बहात्तर वय, पण आवाज असा खणखणीत की भिंतीला कान लावावाच लागत नाही... म्हणजे मी लावला नव्हता! नुसती जरा वाकले होते. तर माई म्हणतायत, "नाही रे रुचिर, आता बस झालं. या वर्षीपासून माझं स्वयंपाकघर बंद. ह्यांनाही सांगून टाकलंय. आता सरळ पुण्याला..." आणि आली गाडी!

पुण्याला काय? रुचिर म्हणजे त्यांचा मुलगा, पुण्यात असतो, बायको मधुराही तिथेच नोकरी करते. म्हणजे अर्थ सरळ झाला की नाही? स्वयंपाकघर बंद, पुण्याला चालले, घर विकणार! माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला, तुळशीत पाणी किती गेलं मला कळलंच नाही.

आता मला काय करायचंय म्हणा! ज्याचं त्याचं घर, ज्याची त्याची मुलं. पण तुम्हाला सांगते, चोवीस वर्षं झाली मला धारहून लग्न होऊन इथे उज्जैनला आल्याला, आणि आल्याच्या तिसऱ्या दिवशी माझा भात करपला तेव्हा त्या भिंतीवरून पहिला डबा आला तो माईंचा. सासूबाईंना कळायच्या आत! अनय झाला तेव्हा डिंकाचे लाडू त्यांचे, त्याच्या बारावीला रात्रीचं दूध त्यांचं. माझी आई गेली तेव्हा तेरा दिवस माझ्या चुलीवर त्यांनी केलं. अशा बाईनं घर विकून जायचं, आणि मला सांगायचंसुद्धा नाही? रुचिरला सांगायचं, आणि ते कचरागाडीला ऐकू जायचं, पण प्रतिभाला नाही!

आमच्या ह्यांना सांगितलं. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तू सीबीआयमध्ये का नाही गेलीस?" म्हटलं, घेतलं असतं तर गेले असते, दहावी पास आहे मी!

आणि मग तर पुरावाच मिळाला. ज्या माईंनी उभ्या जन्मात बाहेरचा चहा प्यायला नाही, त्या माई संध्याकाळी सात वाजता नवी साडी नेसून, पर्स घेऊन, काकांबरोबर गाडीत! कुठे? तर हॉटेलात जेवायला! आणि एकदा नाही हो, आठवड्यात दोन-दोनदा! मी काय समजायचं? निरोप घेतायत गावाचा! जायच्या आधी सगळं एकेकदा खाऊन घेतायत!

मला काय करायचंय म्हणा... पण पुढच्या वेळी बरोबर सात वाजता मी फाटकात उभी. "अय्या काका, टावरवर चाललात? माझंही टावरवर काम आहे!" काका बिचारे सज्जन, दार उघडून दिलं. माईंनी माझ्याकडे असं बघितलं... पण बस म्हणाल्या.

तर पहिलं हॉटेल टावर चौकातलं. एसी. इतका अंधार की समोर काका आहेत की खुर्ची, कळेना. मेनूकार्ड नाहीच, टेबलावर एक चौकोनी ठिपक्याठिपक्यांचं चित्र, वेटर म्हणतो, "मॅडम, स्कॅन कर लीजिए." माई म्हणाल्या, "भैया, तू बोलून दाखव ना." तो बोलायला लागला, पनीर अमुक, पनीर तमुक, एका श्वासात अठरा पनीर! माईंनी मागवली काय? साधी दाल. आणि दाल येते न येते, चमचाभर खाल्ली आणि उठल्या, सरळ आत, त्यांच्या किचनमध्ये! वेटर मागून धावतोय, "माताजी, वॉशरूम उधर है!" मी पण गेले मागे. शेजारी म्हणून.

आत तो मोठी पांढरी टोपी घातलेला कारीगर, म्हणजे त्यांचा आचारी. माईंनी विचारलं, "बेटा, नमक चख के डालते हो कि अंदाज से?" तो खुश झाला, त्याला वाटलं बाई कौतुक करायला आल्यात, म्हणाला, "अरे माताजी, बिना चखे तो मैं मेरी मां को भी न खिलाऊं!" बस. माई वळल्या. "चला, प्रतिभा." दाल तशीच राहिली टेबलावर. मी म्हटलं अशी नको वाया जायला, म्हणून मी खाल्ली. चांगली होती.

आता हा कोणता निरोप हो? आणि विचारायचं कसं? तीनदा तोंडापर्यंत आलं, "माई, तुम्ही घर..." आणि प्रत्येक वेळी मी ऐनवेळी फिरवून म्हणायचे, "माई, तुम्ही घ... घट्ट दही नाही घेतलंत?"

दुसऱ्यांदा नानाखेड्याला, बसस्टँडच्या पुढे एक ढाबा आहे तिथे. खाटा, ट्यूबलाइट, त्यावर पावसाळी किडे. तिथला कारीगर उघड्यावरच उभा, म्हणजे आत घुसायचीही गरज नाही. आमच्या डोळ्यांसमोर त्यानं कढईतली भाजी पळीनं तळहातावर घेतली, चाटली, मान हलवली, मीठ टाकलं, परत घेतली, परत चाटली, आणि तोच हात... जाऊ द्या! माईंनी पदर तोंडाला लावला. काका म्हणाले, "आता आलोच आहोत तर तंदुरी रोटी..." माई म्हणाल्या, "घरी चला." परतताना काका प्रत्येक हॉटेलच्या पाटीपाशी गाडी हळू करायचे. उपाशी माणूस दुसरं काय करणार! मी दोन रोट्या कागदात गुंडाळून घेतल्या होत्या, हळूच मागून दिली त्यांना एक.

तिसरं रामघाटाच्या रस्त्यावरचं. यात्रेकरूंसाठी मोठा बोर्ड, 'शुद्ध मराठी जेवण', आत वरण इतकं गोड की त्यात शेवया टाकल्या तर खीर व्हावी! आणि तिथे तर भांडणच झालं. राखी होऊन दोन दिवस झाले होते. माई म्हणाल्या, कांदा-लसूण नको, श्रावण आहे. मालक म्हणतो, "माताजी, सावन तो परसों खतम हो गया, अब तो प्याज चालू है!" माई म्हणाल्या, "तुमचा संपला. आमचा अजून तेरा दिवस आहे." तो म्हणतो, "ऐसा कैसा? भगवान के यहां दो कैलेंडर हैं क्या?" आता त्याला कोण समजावणार की तुमचे महिने पौर्णिमेला संपतात आणि आमचे अमावास्येला! पाच पिढ्या झाल्या यांना इथे राहून, शिंदे सरकारच्या दफ्तरात खापरपणजोबा होते काकांचे, तरी सावन काही जुळला नाही! शेजारच्या टेबलावरचे एक जण मध्ये पडले, "भिया, अम्मा को बिना प्याज का दे दे, बहस क्यों करता है." दिलं. माईंनी तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "चखना तो पड़ेगा." चला, प्रतिभा!

आता मात्र माझा जीव राहीना. म्हटलं, बाई अशी पोटाला चिमटा काढून गाव का सोडतेय? घरी येऊन ह्यांच्यापुढे रडले. हे म्हणाले, "अगं सरळ विचार ना!" पुरुषांना काय, सरळ विचार म्हणे! विचारलं आणि त्या "हो" म्हणाल्या तर? न विचारता निदान चार दिवस "नाही"च असतं ना!

मग चौथी वारी. जुन्या शहरात, गल्लीत गल्ली, गाडी जाईना म्हणून काकांनी ती चौकातच लावली आणि आम्ही चिखलातून पायी. एका जैन माणसाची दाल-बाफल्याची भोजनशाळा, खाली बसायचं, पाट, पत्रावळ. कारीगर माणिक महाराज, साठीचे, कमरेला पंचा, एका हातानं बाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवतायत, दुसऱ्या हातानं दालीत मीठ. टाकलं आणि झाकण ठेवलं. माई टक लावून बघत होत्या. "महाराज, चखा नहीं?"

"माताजी, चौमासा है. सूरज ढलने के बाद हम मुंह में पानी भी नहीं डालते, नमक क्या चखेंगे?"

"चार महिने? रोज?"

"तीस साल से."

"और कम-ज्यादा हुआ तो?"

माणिक महाराजांनी नुसता हात वर केला. "इसको पता है."

माईंनी दालीचा घास घेतला. डोळे मिटले. तुम्हाला खोटं वाटेल, पण काकांनीही हातातला बाफला तसाच धरून ठेवला होता. माईंनी डोळे उघडले ते भरलेले! आणि मला काय झालं कोण जाणे, मला वाटलं, हाच शेवटचा घास, आता या उठणार आणि पुण्याची गाडी पकडणार, आणि मी पत्रावळीवर भोकाड पसरलं! "माई, नका ना जाऊ पुण्याला! घर नका विकू! मी करीन तुमचा स्वयंपाक!"

सगळी भोजनशाळा थांबली. एक जण तर म्हणाला, "मिर्ची लग गई क्या दीदी को?"

"कोण चाललंय पुण्याला?" माई म्हणाल्या.

"तुम्हीच! मी ऐकलं! म्हणजे... तुळशीपाशी होते मी..."

तेव्हा कुठे माईंनी उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती. चोवीस वर्षं बघतेय मी त्या हाताला, आणि माझ्या लक्षात आलं नाही! मागच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या दिवशी पुरण वाटताना पातेलं सुटलं म्हणे त्यांच्या हातून. कुणाला कळू दिलं नाही, परत केलं. यंदा होणार नाही हे त्यांना ठाऊक. म्हणून रुचिरला सांगत होत्या की या वर्षीपासून माझं स्वयंपाकघर बंद, आता सरळ पुण्याला महालक्ष्म्याच घेऊन जा. माई नाही हो, महालक्ष्म्या! पण मन होईना. दीडशे वर्षं याच गावात जेवल्या त्या. म्हणून शेवटचं म्हणून शोधत होत्या, न चाखता रांधणारा हात कुठे मिळतो का. बाकी सोवळं त्यांनी कधीच सोडलं, "पण देवीच्या आधी जीभ लावायची नाही," म्हणाल्या, "एवढं एकच ठेवलंय."

मी डोळे पुसून म्हटलं, "अहो, मग मला का नाही सांगितलंत? मी केलं असतं सगळं!"

माईंनी काकांकडे बघितलं, काकांनी बाफल्याकडे. "प्रतिभा," माई म्हणाल्या, "तू फोडणीची सुद्धा चव घेतेस ग. तुला सांगितलं असतं तर तू ऐकली नसतीस, आणि मला नाही म्हणवलं नसतं."

खरंच आहे ते. भाजीवाल्याकडे मटारसुद्धा मी सोलून खाल्ल्याशिवाय घेत नाही.

तर माणिक महाराज यायला तयार झाले, दिवसाही न चाखता. पण त्यांच्या दोन अटी. एक, जमिनीखालचं काही ते हातात धरणार नाहीत. आणि महालक्ष्मीच्या सोळा भाज्यांत सुरण, अरबी, बटाटा, रताळं नको का? ते धुऊन, सोलून, चिरून, उकडून कोण देणार? बघताय काय माझ्याकडे, खाज सुटू नये म्हणून मी आत्तापासूनच चिंचेचं पाणी करून ठेवलंय! दुसरी अट, तिन्ही दिवस त्या स्वयंपाकघरात दुसरं कुणी पाऊल टाकायचं नाही. चहासुद्धा करायचा नाही.

म्हणजे मी ऐकलं ते अगदीच खोटं नव्हतं हो. माईंचं स्वयंपाकघर बंद, हे खरंच. आणि पुणं, तेही खरं, फक्त माई तिकडे जायच्याऐवजी पुणं इकडे येतंय! इथेच होतंय कळल्यावर रुचिर, मधुरा, मधुराचे आईवडील, मावशी, मावशीच्या सुना... अकरा जण! आले आहेत तर महाकालचं दर्शनही करूच म्हणाले. आणि त्यांचा चहा, नाश्ता, रात्रीचं जेवण कुठे? माईंनी भिंतीवरून विचारलं, "प्रतिभा, तुला जड तर नाही ना होणार?" मी म्हटलं, "छे हो, जड कसलं!" आणि मग त्याच म्हणाल्या, "तुझ्या घरी तू पोटभर चाख हो."

काल मधुराचा फोन आला होता. मावशींना पोह्यांवर शेव अजिबात चालत नाही म्हणे. उज्जैनला येऊन! बिनाशेवेचे पोहे! मला काय करायचंय म्हणा... वेगळ्या वाटीत ठेवीन.